टेनिसचे अंगण आणि त्यातले पाहुणे

इ. स. १७८९ च्या जून महिन्याची वीस तारीख. व्हर्साय येथे पाऊस पडत होता आणि फ्रान्सच्या सामान्य जनतेचे प्रतिनिधी आपल्याच सभागृहाच्या बंद दारापुढे उभे होते. राजेसाहेबांच्या खास बैठकीसाठी आत सजावट चालू आहे, असे सांगून शिपायांनी त्यांना अडविले. आता जावयाचे कोठे? डॉक्टर गियोतँ यांना जवळचीच एक इमारत सुचली. (यांचे नाव पुढे एका भयंकर यंत्राला चिकटले, ते वेगळे प्रकरण.) ती इमारत म्हणजे टेनिसचे अंगण. उंच भिंती, वर छप्पर, आत फरशी, बसावयास खुर्च्यादेखील नाहीत. त्या रिकाम्या अंगणात पाचशेंहून अधिक माणसे शिरली, बाईयी नावाच्या ज्योतिर्विदाने अध्यक्षपद सांभाळले, आणि राष्ट्राला राज्यघटना दिल्यावाचून आम्ही पांगणार नाही अशी शपथ सर्वांनी घेतली. एकाने तेवढा नकार दिला. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी ‘टेनिस कोर्टावरील शपथ’ वाचलेली आहे. परंतु ती घेण्यासाठी टेनिसचे कोर्टच का निवडले गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

या कथेचा पुढचा भाग पुस्तकात बहुधा नसतो, आणि आम्हांस तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन दिवसांनी प्रतिनिधी पुन्हा त्याच अंगणाकडे निघाले, तर ते मिळेना. राजाचे धाकटे बंधू काउंट आर्त्वा यांना त्या दिवशी टेनिस खेळावयाचे होते आणि त्यांनी अंगण आपल्यासाठी राखून ठेवविले होते! प्रतिनिधींनी मग सँ-लुई चर्चचा आसरा घेतला. हेच आर्त्वा पुढे १८२४ साली दहावे चार्ल्स म्हणून गादीवर आले आणि १८३० साली लोकांनी त्यांना देशाबाहेर घालविले. एवढे मात्र खरे की, खेळाच्या अंगणावर हक्क कोणाचा, खेळणाराचा की जमणाऱ्या लोकांचा, हा वाद त्या दिवशी प्रथम उघडपणे दिसला. तो अद्याप मिटलेला नाही. आजच्या व्याख्यानात आम्ही याच वादाचा माग काढणार आहोत, आणि तो काढता काढता आपल्या महाराष्ट्रातल्या बालेवाडीपर्यंत येणार आहोत.

टेनिसचे अंगण इतर कामांस एवढे सोयीचे का, ते आधी पाहू. क्रिकेटच्या मैदानात चौकारांची दोरी खेळपट्टीपासून साठ-सत्तर यार्डांवर असते. प्रेक्षक त्याहूनही दूर. तेथे गवई उभा केला तर तो मागच्या रांगेला बाहुलीएवढा दिसावा. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि दुहेरी सामन्यासाठी ३६ फूट रुंद. खेळाडूंना मागेपुढे धावण्यास लागणारी जागा धरली तरी १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद एवढे अंगण पुरते. चेंडू लहान व वेग मोठा, म्हणून प्रेक्षकांस जवळ बसविल्यावाचून त्यांना काही दिसावयाचे नाही. यास्तव पायऱ्या उंच व खड्या बांधाव्या लागतात. परिणामी एक खोलगट वाडगा तयार होतो, त्याच्या तळाशी जे होईल ते सर्वांना दिसते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, मुष्टियुद्धाचे रिंगण वीस फुटांचे. दोन्ही या वाडग्यात आरामात मावतात. कुस्तीचा फड, गाण्याची बैठक, पुढाऱ्याचे भाषण, यांचेही तेच.

मात्र अडचणीही आहेत. टेनिसचे उघडे कोर्ट नेहमी उत्तर-दक्षिण आखतात. तसे नसेल तर सकाळ-संध्याकाळ एका खेळाडूच्या डोळ्यांवर सूर्य येतो. आणि भूमी फार नाजूक. हिरवळ असेल तर तिच्यावर मांडवाचे खांब रोवणे म्हणजे मोसमाची कमाई घालविणे. लाल मातीच्या कोर्टाला रोज पाणी आणि रोलर. ज्याला आपण हार्ड कोर्ट म्हणतो तेही नावापुरतेच कठीण. डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पायावर रंगीत ॲक्रिलिकचे थर चढविलेले असतात, आणि लोखंडी पायांचे एक व्यासपीठ निष्काळजीपणे ओढले तर त्यावर ओरखडा उठतो व तेथे चेंडू भलतीकडे उडतो. पाहुणा आला तर आधी भूमीवर फळ्या आणि जाजम घालणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते. तो खर्च कोणी सोसावयाचा यावर सगळे अडते.

लॉन टेनिस हा खेळ त्या मानाने अलीकडचा. मेजर विंगफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली त्याचे पेटंट घेतले, १८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली, आणि साहेबांच्या मागोमाग तो आपल्याकडील जिमखान्यांतून व सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून आला. विंबल्डनचे सध्याचे सेंटर कोर्ट १९२२ सालचे. त्याच्याइतके सोवळे कोर्ट दुसरे नसेल. परंतु दुसऱ्या महायुद्धात त्याच्या आवारात डुकरे, कोंबड्या आणि ससे पाळले गेले, भाजीपाला लावला गेला. १९४० च्या ऑक्टोबरात सेंटर कोर्टाच्या छपरावर बाँब पडून सुमारे बाराशे आसने नाहीशी झाली. देशावर प्रसंग आला तेव्हा विंबल्डनच्या सोवळ्याला गाठोडे बांधावे लागले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

पॅरिसच्या रोलाँ गारोस या क्रीडागाराची कथा याहून काळी आहे. १९२७ साली फ्रान्सच्या चार खेळाडूंनी अमेरिकेत जाऊन डेव्हिस करंडक जिंकला. पुढच्या वर्षी तो राखण्याचा सामना आपल्या घरी होणार, तर त्याला साजेशी जागा हवी, म्हणून १९२८ साली हे क्रीडागार उभे राहिले. रोलाँ गारोस हा टेनिसपटू नव्हता. १९१३ साली भूमध्य समुद्र विमानाने प्रथम ओलांडणारा तो वैमानिक, पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१८ मध्ये मारला गेला. अशा वीराच्या नावाच्या जागेत १९३९ साली काय झाले? युद्ध सुरू होताच फ्रेंच सरकारने परदेशी माणसे पकडून तेथे कोंडली. त्यांत हिटलरच्या छळातून पळून आलेले निर्वासितच पुष्कळ होते. आर्थर कोस्लर हा लेखक त्यांपैकी एक. त्याने ते दिवस पुढे पुस्तकात लिहून ठेवले. ज्या पायऱ्यांवर बसून लोकांनी टाळ्या वाजविल्या, त्यांच्याखाली माणसे ठेवली गेली. उंच भिंत, मोजकी दारे, आत सर्वत्र नजर पोहोचणारी रचना: जे प्रेक्षकाच्या सोयीचे, तेच पहारेकऱ्याच्याही सोयीचे! क्रीडागारे बांधणाऱ्यांच्या मनात हे कधी येत नसेल, पण इतिहास पाहणाऱ्याने ते नजरेआड करू नये. त्याच रोलाँ गारोसमध्ये २०२४ च्या ऑलिंपिकात टेनिस आटोपल्यावर मुष्टियुद्धाच्या अंतिम लढती झाल्या.

न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सची तऱ्हा निराळी. १९२३ साली बांधलेल्या या घोड्याच्या नालासारख्या वास्तूत अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होई. १९६४ च्या ऑगस्टमध्ये बीटल्स येथे गाऊन गेले. १९७७ नंतर अमेरिकन स्पर्धा फ्लशिंग मेडोजला हलली आणि फॉरेस्ट हिल्सवर अवकळा आली. २०१० साली ती जागा घरबांधणीसाठी देण्याचा प्रस्ताव क्लबच्या सभासदांपुढे आला. त्यांनी तो नाकारला. २०१३ पासून तेथे पुन्हा जलसे सुरू झाले आणि त्यांनी वास्तू तगवली. शेजारचे रहिवासी आवाजाच्या तक्रारी करीत राहिले, हेही खरे. एकूण पाहता पाहुण्यानेच घर वाचविले.

आता स्वदेशी येऊ. भारताला टेनिसचे प्रेम कमी नाही. १९६६ साली कलकत्त्याच्या साउथ क्लबात ब्राझीलच्या कोखविरुद्ध रामनाथन कृष्णन यांनी हातचा गेलेला सामना परत आणला, आणि भारत डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. ती मेलबोर्नच्या कूयाँग क्रीडागारात झाली. कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम आणि रोच या जोडीस हरविले, पण करंडक ऑस्ट्रेलियाकडेच राहिला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नंदू नाटेकर प्रथम टेनिसच खेळत. कृष्णन यांच्याकडून कुमार गटात हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि त्यामुळे बॅडमिंटनचा केवढा लाभ झाला ते सर्वश्रुत आहे. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी १९९४ च्या आशियाई खेळांत टेनिसचे सुवर्णपदक आणून तो हिशेब पुरा केला.

परंतु खेळाडू असणे निराळे आणि मोठे क्रीडागार असणे निराळे. व्यावसायिक टेनिसची जी वार्षिक स्पर्धा भारतात भरे, ती १९९६ साली दिल्लीत सुरू झाली, १९९७ ला मद्रासेस गेली आणि नुंगम्बाक्कमच्या क्रीडागारात वीस वर्षांहून अधिक काळ राहिली. पेस आणि भूपती यांनी तेथे दुहेरीची पाच विजेतेपदे मिळविली. वावरिंका चार वेळा एकेरीत जिंकला. २०१७ नंतर ही स्पर्धा पुण्यास आली. येथे एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानी घ्यावी. जुन्या काळी जत्रा देवळाची असे. देऊळ हलत नसे म्हणून जत्राही हलत नसे. व्यावसायिक टेनिसची स्पर्धा हा मात्र एक परवाना असतो. तो एखाद्या कंपनीच्या मालकीचा, विकण्याजोगा, भाड्याने देण्याजोगा, एका शहरातून उचलून दुसरीकडे नेण्याजोगा. क्रीडागार शासनाचे, जनतेच्या पैशाचे, पण त्यातली जत्रा परक्याच्या खिशात! मद्रासचे नुकसान तो पुण्याचा लाभ, एवढेच तेव्हा आपल्याकडे वाचले गेले.

पुण्याच्या पश्चिमेस, मुंबई-बंगळूर महामार्गालगत, म्हाळुंगे आणि बालेवाडी या गावांच्या शिवारात श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. सुमारे दीडशे एकरांचा हा पसारा १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला. पुण्याचे लोक त्या वेळी म्हणत की, इतक्या लांब खेळ पाहावयास जाणार कोण? पुढे शहरच तेथवर चालत आले. २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा तेथे झाल्या. २०१२ च्या नोव्हेंबरात महिलांच्या एका स्पर्धेत एलिना स्वितोलिना या युक्रेनच्या कुमारीने जपानच्या किमिको दाते यांना हरविले. एक अठरा वर्षांची, दुसरी बेचाळिशीची. हा अंतिम सामना पाहणाऱ्यांना स्वितोलिना पुढे जगातल्या पहिल्या पाचांत जाईल याची काय कल्पना असणार?

फेब्रुवारी २०१७ मध्ये डेव्हिस करंडकात न्यूझीलंडचा संघ येथे आला. भारताने ४-१ अशी बाजी मारली, पण त्या तीन दिवसांत प्रेक्षकांचे डोळे लागले होते ते एकाच सामन्याकडे. लिअँडर पेस दुहेरीतील त्रेचाळीसाव्या विजयासाठी, म्हणजे जागतिक उच्चांकासाठी, उतरले होते. ते आणि विष्णुवर्धन हरले. तो विजय पेस यांना पुढच्या वर्षी चीनमध्ये बोपण्णांच्या साथीत मिळाला. भाग्य काही वेळा भलत्याच गावी भेटते.

२०१८ ते २०२३ या काळात त्या वार्षिक स्पर्धेच्या पाच आवृत्त्या बालेवाडीत झाल्या. २०२१ साली महामारीमुळे ती भरलीच नाही. विजेत्यांची नावे सिमोन, अँडरसन, व्हेसेली, सूसा, ग्रीकस्पोर. त्यांतला २०१९ चा अंतिम सामना सांगण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, दोघेही साडेसहा फुटांहून उंच, समोरासमोर आले. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. कार्लोविच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. १९७७ साली केन रोजवॉल हाँगकाँगला खेळला त्यानंतर इतक्या वयाचा माणूस अशा अंतिम फेरीत आला नव्हता. त्याच वर्षी बोपण्णा व दिविज शरण यांनी दुहेरी जिंकली. आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याचाच मानस धामणे, वय वर्षे पंधरा, मुख्य स्पर्धेत खेळला. पहिल्याच फेरीत हरला. पण घरापासून हाकेच्या अंतरावर जगातले खेळाडू येतात म्हणजे काय होते, ते त्या एका सामन्यात दिसून आले.

आणि मग ती गेली. २०२४ पासून वेळापत्रकात पुण्याच्या जागी हाँगकाँग आले. मद्रासचे लोक सहा वर्षांपूर्वी जे बोलले, तेच पुणेकर बोलू लागले. काउंट आर्त्वा आले आणि अंगण राखून ठेवा म्हणाले, तर निदान राग कोणावर धरावयाचा ते ठाऊक असे. परवान्याचा मालक दिसतही नाही.

तथापि बालेवाडी ओस पडली असे मात्र झाले नाही, आणि आमच्या मते हीच तिच्या इतिहासातली मोलाची बाब होय. संकुल मुळातच एका खेळाचे नव्हते. २०१९ च्या जानेवारीत ‘खेलो इंडिया’च्या युवा स्पर्धा तेथे झाल्या, २०२२ साली महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे सामने झाले, पुण्याचा व्यावसायिक फुटबॉल संघ अनेक हंगाम तेथेच खेळला, कबड्डी आणि बॅडमिंटनच्या लीगही बंदिस्त सभागृहांत रंगल्या. २०२० च्या साथीत संकुलात रुग्णांसाठी काळजी केंद्र उघडले गेले. मावळ लोकसभा मतदारसंघाची २०१९ व २०२४ ची मतमोजणी याच संकुलात झाली. व्हर्सायच्या प्रतिनिधींना जे अंगण चोरून वापरावे लागले, त्याच्या वंशजात आज मते मोजली जातात; आर्त्वा यांना हे पाहावयास मिळावयास हवे होते!

टेनिसचे कोर्टही रिकामे राहिले नाही. मोठ्या स्पर्धेच्या जागी खालच्या पायरीची, चॅलेंजर म्हणतात ती स्पर्धा आली. लोकांनी नाके मुरडली. २०२४ च्या फेब्रुवारीत ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकली, तेव्हा वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या असतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच वाशेरो, जागतिक क्रमवारीत २०४ वा असताना, पात्रता फेरीतून वर येऊन शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकून गेला. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग करंडकाचे आशिया-ओशनिया गटाचे सामने म्हाळुंगे-बालेवाडीलाच झाले. सहा देशांचे संघ आले, आणि न्यूझीलंडबरोबर भारताच्या मुली पुढच्या फेरीस पात्र ठरल्या. दोन्ही वेळा बक्षिसाची रक्कम लहान आणि झगमगाट बेताचा होता. परंतु क्रीडागाराचे काम जर खेळाडू घडविणे हे असेल, तर आम्ही एका मोठ्या जत्रेपेक्षा अशा चार लहान बाजारांना अधिक मान देऊ. कोणी याला आंबट द्राक्षांची गोष्ट म्हणेल, म्हणो.

आपण नागपूरकरांनी यात काय पाहावे? रामदासपेठेत बसून बालेवाडीचा हेवा करण्याचे कारण नाही. उसन्या अंगणात इतिहास कसा घडतो ते आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन मोकळ्या माळावर मांडव घालून झाले, असहकाराच्या ठरावावर तेथे शिक्कामोर्तब झाले, आणि त्या माळाला काँग्रेसनगर हे नाव चिकटले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली तीही येथून जवळच, लस तयार करणाऱ्या संस्थेलगतच्या मोकळ्या मैदानावर. त्या दिवशी तेथे एक पायरी बांधलेली नव्हती, एक खुर्ची क्रमांकाची नव्हती. धंतोलीच्या यशवंत स्टेडियमवर जेवढे खेळाडू धावले असतील, त्याहून अधिक माणसे हिवाळी अधिवेशनाच्या काळात आपली गाऱ्हाणी घेऊन जमली असतील. मोर्चे तेथूनच निघतात. रामनगरच्या हार्ड कोर्टांवर मुलेमुली टेनिस गिरवीत असतात.

प्रश्न उरतो तो वेळापत्रकाचा. नगरात नवे क्रीडागार बांधावयाचे ठरले की चर्चा होते ती आसने किती, दिवे किती प्रखर, छप्पर उघडमीट करणारे की नाही, याची. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी स्पर्धेचे दिवस किती, शाळांचे किती, सभा-जलशांचे किती, रिकामे किती, आणि ही वाटणी कोणाच्या सहीने होणार, हे मात्र उद्‌घाटनाच्या पत्रिकेत कधी छापलेले नसते. व्हर्सायची ती जुनी इमारत १६८६ सालची. आज ती संग्रहालय आहे. आत बाईयी यांचा पुतळा आहे आणि भिंतीवर शपथ घेणारांची नावे आहेत. २२ जून रोजी अंगण कोणी राखून ठेवविले होते, ते नाव त्या यादीत नाही.